घरी बदललेले इंजिन : तक्रारीचा दोष कोठे शोधावा ?

अलीकडे खेड्यापाड्यांतून जीप व पिकअप ही वाहने नांगर-कुळवाइतकीच घरची झाली आहेत. भाजीपाला बाजारास नेणे, खताच्या गोणी आणणे, अडल्या वेळी आजारी माणसास तालुक्याच्या गावी पोहोचविणे, ही कामे त्यांच्यावाचून अडतात. अशा गाडीचे इंजिन झिजून ऑइल खाऊ लागले की नवी गाडी घेणे परवडत नाही. मग कोणी जुन्या बाजारातून दुसरे इंजिन आणतो, कोणी आपलेच इंजिन तालुक्याहून दुरुस्त करून आणतो, आणि गावातील मिस्त्रीच्या मदतीने ते अंगणातच गाडीत बसविले जाते. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. काळजीपूर्वक केलेले असे काम मोठ्या कारखान्यातील कामाइतकेच टिकते. परंतु इंजिन बसविल्यानंतरच्या पहिल्या आठ-पंधरा दिवसांत गाडी ज्या खोड्या काढते, त्यांचा उलगडा न झाल्याने पुष्कळदा चांगले इंजिन पुन्हा खाली उतरविले जाते, निर्दोष पंप खोलला जातो, आणि ऐन हंगामात गाडी आठवडा-आठवडा जागेवर उभी राहते. बियाण्याची चौकशी करावयास आलेला शेतकरी जाता जाता याच तक्रारी सांगतो, म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनाही या विषयाची तोंडओळख असणे इष्ट आहे.

प्रथम एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. जे इंजिन बसविण्यापूर्वी चालत होते, ते बसविल्यावर चालत नसेल, तर दोष बहुधा त्याच्या पोटात नसतो. तो सांध्यांवर असतो. इंजिन उतरविताना व चढविताना आपण किती ठिकाणी हात लावतो याचा हिशेब केला तर तो वीस-पंचवीस जागांच्या खाली येणार नाही : डिझेलचे जाते-येते पाइप, पाण्याचे होज, बॅटरीच्या वायरी, स्टॉपची व ॲक्सिलरेटरची तार, क्लच, सायलेन्सर, रबरी माउंटिंग. दोष शोधावयाचा तो या जागी. हेड खोलणे हा शेवटचा उपाय होय, पहिला नव्हे. खाली दिलेली माहिती मुख्यतः जुन्या पद्धतीचा यांत्रिक पंप असलेल्या डिझेल इंजिनांना लागू आहे. खेड्यांत घरी बदलली जाणारी इंजिने बहुधा याच जातीची असतात.

सुरू करण्यापूर्वी

इतर चुका पैशाने भरून निघतात, ऑइलची चूक मात्र इंजिनच घेऊन जाते. नव्याने बसविलेल्या इंजिनाचा ऑइल पंप रिकामा व फिल्टर कोरडा असतो. त्याच स्थितीत इंजिन चालू करून लगेच रेस केले, तर क्रँकची बेअरिंगे ऑइलावाचून फिरतात आणि त्यांवर चरे पडतात. हे चरे त्या दिवशी दिसत नाहीत; महिना-दोन महिन्यांनी ठोका ऐकू येऊ लागतो, आणि मग दोष इंजिन विकणाऱ्याच्या माथी मारला जातो.

यासाठी क्रम असा ठेवावा. ऑइल भरल्यावर क्रँकच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे. मध्येच ते घट्ट अडले तर सेल्फ मारून मोकळे करण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. उघड्यावर पडून राहिलेल्या इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असू शकते. पाणी दाबले जात नाही, आणि सेल्फच्या जोराने कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी नॉझल काढून इंजिन हाताने फिरवावे, पाणी आपोआप बाहेर उडते. इंजिन मोकळे फिरते अशी खात्री झाल्यावर स्टॉपची तार ओढून ठेवावी, म्हणजे डिझेल बंद राहते. नंतर दहा-दहा सेकंद सेल्फ मारावा व मध्ये एक मिनिट विश्रांती द्यावी. ऑइलचा काटा हलला किंवा तांबडा दिवा विझला, की मगच स्टॉप सोडावा.

दुसऱ्या गाडीवरचे इंजिन असेल तर आणखी दोन फसवणुकी संभवतात. एक, ऑइलची कांडी. जुन्या इंजिनाची कांडी नव्या इंजिनात शिरते, पण तिच्यावरील खूण त्या चेंबरला लागू असेलच असे नाही. म्हणून पहिल्या वेळी पुस्तकात दिलेले ऑइल मापाने भरावे, इंजिन थोडे चालवून बंद करावे, फिल्टरने जेवढे ऑइल घेतले तेवढे पुन्हा घालावे आणि मग कांडीवर कानशीने नवी खूण करावी. दुसरी, ऑइल दाबाचे बटण. इंजिनावरील बटण एका जातीचे आणि गाडीतील काटा दुसऱ्या जातीचा असला की काटा खोटे बोलतो. काटा शून्यावर आहे आणि इंजिन तर शांत चालते आहे, असे दिसल्यास ‘काटाच बिघडला असेल’ असे म्हणून गाडी पुढे काढू नये. इंजिन बंद करावे, बटण काढून त्या भोकात साधे नळीचे गेज बसवावे आणि दाब प्रत्यक्ष पाहावा. या एका तपासणीस अर्धा तास लागतो.

सेल्फ जड फिरतो

इंजिन बदलल्यानंतर सर्वांत अधिक आढळणारी आणि सर्वांत अधिक चुकीची समजली जाणारी तक्रार ही आहे. कांद्याच्या चाळींच्या पाहणीसाठी आम्ही एका गावी गेलो असता तेथे एक जीप नऊ दिवस उभी होती. सेल्फ कण्हत कण्हत अर्धा फेरा फिरे व थांबे. मालकाने नवी बॅटरी आणली, सेल्फ शहरात पाठवून त्याची बुशे बदलून घेतली, तरी फरक नाही. इंजिनच जाम आहे असे ठरून ते परत उतरविण्याची तयारी चालली होती. तेवढ्यात सेल्फ मारणाऱ्या मुलाने सांगितले की ॲक्सिलरेटरची तार हाताला भाजते. दोष त्या वाक्यातच होता.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसते. रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिनाचे अंग व चॅसिस यांना जोडणारी जाड अर्थिंगची पट्टी कारखान्याने दिलेली असते. इंजिन उतरविताना ती सुटते आणि चढविताना विसरली जाते. मग सेल्फला लागणारा शेकडो ॲम्पिअरचा प्रवाह बॅटरीकडे परतण्यासाठी मिळेल ती वाट धरतो : ॲक्सिलरेटरची तार, गिअरचा दांडा, डिझेलचा लोखंडी पाइप. या वाटा अरुंद, म्हणून त्या तापतात आणि सेल्फला वीज पुरत नाही. त्या जीपची पट्टी गिअरबॉक्सवर ग्रीसच्या चिखलात पडलेली सापडली. ती घासून बसविताच इंजिन पहिल्या किल्लीस लागले.

पारख सोपी आहे. बॅटरीच्या ऋण टोकापासून थेट इंजिनाच्या अंगाला एक जाड जंपर केबल लावून सेल्फ मारावा. आता तो जोमाने फिरला तर दोष अर्थिंगचा समजावा. मीटर असल्यास सेल्फ मारतेवेळी बॅटरीचे ऋण टोक व इंजिनाचे अंग यांमधील व्होल्टेज पाहावे. ते अर्ध्या व्होल्टाहून कमी असले पाहिजे. पट्टी असूनही ते जास्त भरत असेल तर तिच्याखालील रंग व गंज खरवडून धातू उघडा करावा. इंजिन दुरुस्तीनंतर हौसेने रंगवून घेण्याची चाल आहे. तो रंग अर्थिंगच्या जागीही बसतो आणि तेथे तो नडतो. बॅटरी स्वस्थ असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवीत असेल आणि सेल्फ मारताना १० च्या खाली फारशी जात नसेल, तर तिला दोष देऊ नये.

सेल्फ जोमाने फिरतो, पण इंजिन लागत नाही

येथे विहिरीवरचे इंजिन चालविलेल्या शेतकऱ्यास फारसे शिकविण्याची गरज नाही. १९४६ साली पुण्यास स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल एंजिन्ससारख्या कारखान्यांची इंजिने आपल्याकडे विहिरीविहिरींवर गेली, तेव्हापासून डिझेलच्या पाइपातील हवा काढणे ही कला खेड्यांत घरोघर माहीत झाली आहे. गाडीचे इंजिन त्याच तत्त्वावर चालते. फरक एवढाच की पाइप लांब असतात, सांधे अधिक असतात, आणि टाकी इंजिनाच्या खालच्या पातळीवर असते.

हवा काढण्यापूर्वी दोन क्षण थांबून स्टॉपकडे पाहावे. स्टॉपची तार उलट्या खेचात बसली असेल, किंवा किल्लीने बंद होणाऱ्या इंजिनात पंपावरील स्टॉप सोलेनॉइडची वायर लावावयाची राहिली असेल, तर दिवसभर हवा काढूनही डिझेल पुढे जाणार नाही. किल्ली चालू-बंद करताना सोलेनॉइडचा ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे.

नंतर टाकीकडून नॉझलकडे या दिशेनेच जावे. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा. बुडबुडे संपून निखळ डिझेल येऊ लागले की स्क्रू आवळावा. मग पंपावरचा स्क्रू. शेवटी एक-दोन नॉझलांच्या पाइपांचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारावा व डिझेलचे फटकारे येऊ लागताच नट आवळावेत. हे करताना बोट किंवा तळहात पाइपाच्या तोंडाशी धरू नये. गाडीच्या चाकातील हवेचा दाब दोन बारच्या आसपास असतो, तर नॉझलमधून उडणारे डिझेल त्याच्या शंभर पटींच्या दाबाने येते. ते कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, पण आत मांस सडते आणि बोट कापण्याची पाळी येऊ शकते. असे झाल्यास दुखत नसले तरी त्याच घटकेस रुग्णालयात जावे व डिझेल आत शिरल्याचे डॉक्टरांस स्पष्ट सांगावे.

इंजिन लागते, पाच-दहा मिनिटे चालते व गुदमरून बंद पडते, ही तक्रार वेगळी समजावी. येथे हवा कोठून तरी नव्याने शिरत असते. शेतकरी बंधूंना सेंट्रिफ्युगल पंपाच्या सक्शन पाइपाचा अनुभव आहेच : सक्शनला चीर असली तर पाणी गळत नाही, पंप हवा ओढतो आणि पाणी सोडून देतो. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा डिझेलचा पाइप हा तसाच सक्शन पाइप होय. त्याचा सांधा कोरडा ठणठणीत दिसला म्हणून तो निर्दोष ठरत नाही. फीड पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडावी. बुडबुडे वाहताना डोळ्यांनी दिसतील. बहुधा दोष पोकळ बोल्टाच्या तांब्याच्या वॉशरांत सापडतो. हे वॉशर बोल्टाच्या डोक्याखाली एक व पाइपाच्या पलीकडे एक, असे दोन लागतात, आणि एकदा दबलेला वॉशर कडक होऊन पुन्हा नीट बसत नाही. दोन रुपयांची काटकसर करण्याची ही जागा नव्हे. टाकीत जाणारा व टाकीतून येणारा असे दोन पाइप एकमेकांच्या जागी बसले आहेत काय, हेही पाहून घ्यावे.

पंप इंजिनावरून काढलेला नसेल तर त्याच्या टायमिंगला हात लावू नये. काढला असेल, तर मात्र खुणा जुळल्याची खात्री हवी. टायमिंग मागे पडले की इंजिन कष्टाने लागते, पांढरा धूर टाकते व तापते. पुढे गेले की लोखंडावर हातोडी मारल्यासारखा ठोका देते.

कॉमन रेल पद्धतीच्या नव्या इंजिनांना वरीलपैकी काहीही लागू करू नये. त्यांत डिझेलचा दाब हजार बारच्याही वर जातो, आणि चालू इंजिनावर नट सैल करणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. त्यांच्या बाबतीत घरी एवढेच पाहावे की प्रत्येक सेन्सरचा प्लग ‘कट्’ असा आवाज येईपर्यंत बसला आहे काय. पुढील तपासणी स्कॅनर असलेल्या कारखान्यातच करून घ्यावी.

धूर

काळा धूर म्हणजे डिझेलाच्या मानाने हवा कमी. नव्याने बसविलेल्या इंजिनाने काळा धूर टाकला आणि ताकद धरली नाही, तर नॉझल काढण्यापूर्वी हवेचा पाइप काढून आत पाहावे. इंजिन उघडे असताना धूळ जाऊ नये म्हणून तोंडाशी कोंबलेली चिंधी तेथेच राहून गेल्याची उदाहरणे हसण्यावारी नेण्याइतकी थोडी नाहीत. पांढरा धूर डोळ्यांना झोंबत असेल तर ते न जळलेले डिझेल. पहिल्या काही मिनिटांत तो स्वाभाविक आहे. इंजिन गरम झाल्यावरही पांढरी वाफ येत राहिली आणि रेडिएटरचे पाणी कमी होत गेले, तर मात्र हेड गॅस्केटचा संशय धरावा.

निळसर धूर ऑइलचा असतो. ऑइल-बाथ जातीच्या एअर क्लीनरमध्ये खुणेच्या वर ऑइल भरले, तर ते हवेबरोबर ओढले जाऊन जळू लागते. क्वचित अशाने इंजिन स्टॉप ओढूनही न थांबता वेग घेत सुटते. पहिल्यांदा इंजिन चालू करताना म्हणूनच एक मजबूत सपाट फळी हाताशी ठेवावी. असे घडल्यास ती हवेच्या तोंडावर घट्ट दाबावी, म्हणजे हवेवाचून इंजिन मरते. चिंधी किंवा नुसता तळहात या कामी वापरू नये.

इंजिन तापते

पाणी काठोकाठ भरले आहे, तरी इंजिन दहा मिनिटांत तापते, याचे कारण बहुधा आत अडकलेली हवा हे असते. गाडीचे तोंड चढावर करून, झाकण उघडे ठेवून, बारीक धारेने पाणी भरावे व इंजिन थंड असतानाच मंद चालू करावे. बहुतेक इंजिनांत ८० अंश सेल्सिअसच्या थोडे पुढे थर्मोस्टॅट उघडतो. तेव्हा वरचा होज एकाएकी गरम होतो आणि पाण्याची पातळी खाली जाते. तेथपर्यंत पाणी घालीत राहावे, मग झाकण लावावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये. पहिल्याने तोंड भाजते व दुसऱ्याने हेडला तडा जातो. विहिरीचे खारे पाणी घालण्याची सवय सोडावी. पंख्याचे पाते उलट्या बाजूने बसले तर वारा त्याच दिशेने येतो पण निम्माशिम्मा येतो, त्यामुळे हा दोष चटकन ध्यानात येत नाही. विजेच्या पंख्याच्या वायरी उलट लागल्या तर मात्र वारा उलट दिशेनेच वाहतो. रेडिएटरपुढे कागद धरून तो ओढला जातो की ढकलला जातो हे पाहावे.

क्लच आणि गिअर

इंजिन उत्तम लागले, आणि गिअर मात्र पडत नाही. विशेषतः रिव्हर्स टाकताना दाते करकरतात. याचा अर्थ पेडल दाबूनही क्लच पूर्ण सुटत नाही. पेडलचा खेळ व तार किंवा हायड्रॉलिकमधील हवा हे प्रथम पाहावे, कारण ते गाडी न खोलता पाहता येते. ते ठीक असेल तर बसवितानाची चूक समजावी. क्लच प्लेटचा उंच भाग बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सच्या बाजूस येतो. प्लेट उलटी बसली की ती फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासते. गिअरबॉक्स जोडताना त्याचा सर्व भार काही काळ प्लेटच्या मधल्या भागावर टांगून राहिला, तर ती वाकते व कायमची अडखळते. गिअरबॉक्स इंजिनास हाताने सरकून मिळाला पाहिजे. मधे बोटभर फट राहिली असता बोल्ट आवळून ती मिटविणारा मिस्त्री घाईत आहे असे समजावे आणि त्यास थांबवावे.

दुसऱ्या गाडीचे इंजिन आणले असेल तर क्रँकच्या टोकातील पायलट बेअरिंग आहे की नाही व ते आपल्या गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या मापाचे आहे की नाही, हे जोडण्यापूर्वीच पाहावे. ते नसल्यास पेडल दाबताच किरकिर ऐकू येते, आणि एवढ्याशा भागासाठी सगळा गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो.

सर्व अंग थरथरते अशी तक्रार असेल तर माउंटिंगचे बोल्ट सैल करून, इंजिन मंद चालवून, त्याला आपल्या वजनाने बसू द्यावे व मग आवळावे. सायलेन्सरचा पाइप चॅसिसला कोठे टेकला आहे काय, हेही पाहावे.

इंजिन क्रमांक व कागदपत्रे

इंजिनाचा क्रमांक गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेला असतो, आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये वाहनात मनास येईल तसा बदल करता येत नाही. इंजिन विकत घेण्यापूर्वीच प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करावी, घेताना विक्रीची पावती मागावी, आणि बदल झाल्यावर नव्या क्रमांकाची नोंद करून घेऊन विमा कंपनीसही कळवावे. ही नोंद नसल्यास अपघातानंतर भरपाईच्या वेळी अडचण येऊ शकते. इंजिनावरील क्रमांक कानशीने घासलेला किंवा नव्याने ठोकलेला दिसला, तर ते कितीही स्वस्त मिळत असले तरी घेऊ नये. असे इंजिन चोरीच्या गाडीचे असण्याचा संभव असतो.